खालच्या आळीची पूरतयारी : प्रकल्प नोंदी, मार्च ते जुलै 2025

9 मार्च, रविवार

सकाळचं संकलन उरकल्यावर दूध संस्थेच्या ओट्यावर पहिली बैठक झाली. अकरा जण आले. आशाताई, दोन गवंडी, शाळेचे गुरुजी, ट्रॅक्टरवाले दोघं भाऊ, बाकी आळीतली माणसं. मी संस्थेचा सचिव, म्हणून नोंदी ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. गावाचे दोन भाग आहेत. वरची आळी आणि माळावरची वस्ती कोरडी राहते. खालची आळी 2019 ला बुडाली आणि 2021 ला पुन्हा बुडाली. तिथं 63 घरं आणि, संस्थेच्या पुस्तकावरून मोजली तर, 148 जनावरं.

बैठकीत पहिला अर्धा तास अलमट्टीवर, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणावर गेला. धरणाची उंची 519 वरून 524 मीटरवर नेण्याला आपल्या भागाचा विरोध आहे आणि तो रास्त आहे, असं मलाही वाटतं. पण त्याचा निकाल आमच्या ओट्यावर लागणार नाही. आमच्या हातात काय आहे यावर बोलू, असं गुरुजींनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली.

ठरलं ते एवढंच : प्रत्येक घरी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा. 2019 ला तुम्ही घर कधी सोडलंत, आणि त्याआधी का नाही सोडलंत?

16 ते 23 मार्च

रोज संध्याकाळी आशाताई आणि मी आठ-आठ घरं केली. शंभर पानी वही घेतली आणि तिला नाव दिलं, कारणांची वही. एका घराला एक पान.

मला वाटत होतं, लोक म्हणतील कुणी सांगितलंच नाही. तसं म्हणणारी चारच घरं निघाली. बाकी सगळ्यांना माहीत होतं. मोबाईलवर निरोप होते, ग्रामपंचायतीचा भोंगा फिरला होता, तलाठी येऊन गेले होते. तरी माणसं थांबली.

सगळ्यात जास्त पानांवर लिहिलं गेलं ते कारण म्हणजे जनावरं. "म्हसरं दाव्याला सोडून आमी कुठं जायाचं?" हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं की शेवटी शेवटी नुसतं 'म्हैस' असं लिहून पुढं गेलो.

त्याखालोखाल 2005 चा पूर. तात्यांनी मला उंबऱ्यापाशी नेऊन पायरी दाखवली. "2005 ला हितं थांबलं हुतं. म्या म्हणलं, त्याच्यावर काय यायचं न्हाई." 2019 ला पाणी त्यांच्या तुळईला लागलं. ही पायरी आळीतल्या बऱ्याच घरांत आहे. आधीच्या पुराची खूण माणसं मनात पक्की धरून बसतात, आणि पुढचा पूर त्या खुणेला विचारून येत नाही.

बायकांनी वेगळं कारण सांगितलं, तेही पुरुष बाहेर गेल्यावर. 2019 ला ज्या शाळेत सगळ्यांना ठेवलं होतं तिथं न्हाणीघर नव्हतं आणि संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. तिथं आठ दिवस काढलेल्या एका सुनेनं सांगितलं की पुन्हा वेळ आली तर ती माडीवर बसेल, पण तिथं जाणार नाही. हे कुठल्याच अहवालात आलेलं मी वाचलं नाही. एक कडी बसवायला सुतार अर्धा तास घेतो.

आक्कांचं पान मी शेवटी ठेवलं होतं. वय 70 च्या पुढं, एकट्या राहतात, एक म्हैस. 2019 ला तिसऱ्या दिवशी बोटीतून त्यांना काढलं. म्हैस गोठ्यातच गेली, दाव्यासकट. त्या दावं कापायला उतरल्या होत्या, पण पाणी छातीला लागलं आणि विळा घरात राहिला होता. आक्का हे सांगताना रडल्या नाहीत. आताच्या म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. माझं काही विचारायचं राहिलं आणि मी तसाच उठलो.

30 मार्च, गुढीपाडवा

सणाचा दिवस, काम बंद. फक्त दोन्ही गवंड्यांना सांगितलं की येत्या रविवारी लेव्हलची नळी घेऊन या.

6 एप्रिल, रविवार

आजचं काम मनासारखं झालं, म्हणून सविस्तर लिहितो.

अडचण अशी की पूर आला की निरोप येतात ते दोन भाषांत. कोयना धरणातून इतके हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग, हा एक. सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी इतके फूट, हा दुसरा. क्युसेकवरून आमच्या आळीत कुणालाच काही कळत नाही. फुटांचं निदान एवढं माहीत आहे की 40 ही इशारा पातळी आणि 45 ही धोका पातळी. पण 45 म्हणजे माझ्या दाराशी किती, हे कुणालाच माहीत नाही. पूल सांगलीत आहे आणि दार इथं.

मारुतीच्या देवळाच्या दगडी भिंतीवर 2019 च्या पाण्याची रेघ अजून स्पष्ट आहे. घरांच्या भिंती लोकांनी रंगवल्या, पण देवळाचा दगड तसाच राहिला. त्या वर्षी आयर्विनला सर्वोच्च पातळी होती 57 फूट 6 इंच. म्हणजे देवळावरची ही रेघ आपण 57 फूट 6 इंच धरायची आणि नळीनं हीच उंची प्रत्येक घरापर्यंत न्यायची.

नळी म्हणजे गवंडी जोत्याला लावतात तीच, पारदर्शक, करंगळीएवढी जाड, आत पाणी. एका टोकाला थोरला गवंडी देवळाच्या रेघेशी, दुसऱ्या टोकाला धाकटा पुढच्या भिंतीशी. आतला बुडबुडा काढायला तो नळीवर टिचकी मारत राहतो. पाणी हललं की दोघंही श्वास रोखून थांबतात, ते स्थिर झालं की "हां" म्हणतो आणि खडूनं रेघ मारतो. मग त्या रेघेपासून उंबऱ्यापर्यंत टेप. पहिल्या घरी 6 फूट 2 इंच आलं. 57 फूट 6 इंचातून वजा केले तर 51 फूट 4 इंच. म्हणजे आयर्विनला साधारण 51 झाले की या घराच्या उंबऱ्याला पाणी लागणार.

नदीला उतार असतो आणि प्रत्येक पुरात तो सारखा नसतो, त्यामुळे हा हिशेब इंचाला इंच जुळणार नाही हे गुरुजींनी बजावलं. पडताळा म्हणून 2021 ची रेघ शाळेच्या मागच्या भिंतीवर सापडली. ती नळीनं देवळाशी ताडली तर दोन्ही पुरांत पावणेतीन फुटांचं अंतर निघालं. त्या वर्षी सांगलीत पाणी 55 फुटांच्या आसपास होतं. म्हणजे फार चूक नाही. तरी प्रत्येक आकड्यातून एक फूट कमी करूनच दारावर लिहायचं ठरलं. आधी निघालेलं बरं.

दिवसभरात 19 घरं झाली.

13 एप्रिल, रविवार

आणखी 24 घरं. दुपारी आक्कांच्या घरी पोचलो. उंबऱ्याचा आकडा 50 आला. दारावर लिहायला मी ब्रश उचलला तर त्या म्हणाल्या, "आरं लेकरा, गोठ्याचं मापलंस का?"

गोठा परसात, नदीकडच्या उताराला. नळी मागं नेली. गोठ्याची जमीन उंबऱ्यापेक्षा पावणेतीन फूट खाली निघाली.

आम्ही सगळे थांबलो. गेले दोन रविवार आम्ही माणसाच्या उंबऱ्याचं माप घेत होतो आणि वहीत तर प्रत्येक पानावर 'म्हैस' लिहिलेलं होतं. आळीतले जवळजवळ सगळे गोठे मागच्या अंगालाच आहेत. पहिल्या दिवशीची 19 घरं आता पुन्हा करावी लागणार. करू.

20 आणि 27 एप्रिल

गोठ्यांची मापं पूर्ण. सगळ्यात खालचा गोठा 46 ला भरतो. दारावर दोन आकडे लिहिले, घराचा निळा, गोठ्याचा लाल.

4 मे, रविवार

आज रस्त्याचं माप घेतलं. खरं तर हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

खालच्या आळीतून माळावर जायला एकच वाट, आणि मध्ये ओढा. ओढ्यावर बुटकी फरशी, म्हणजे ठेंगणा पूल आहे, पावसाळ्यात दोन-चार दिवस तशीही पाण्याखाली असते. नदी फुगली की ओढ्यातून पाणी उलटं मागं शिरतं. पाऊस नसला तरी शिरतं, म्हणून माणसं फसतात. ऊन पडलेलं असतं आणि फरशी बुडालेली असते.

उतारानं टप्प्याटप्प्यानं नळी उतरवत फरशीपर्यंत आलो. एकूण उतार 15 फूट. म्हणजे फरशी बुडते 42 फूट 6 इंचाला.

घर बुडतं 50 ला, गोठा 47 ला, आणि रस्ता साडेबेचाळीसला. धोका पातळी 45 ची. म्हणजे सांगलीत धोका पातळी जाहीर होईपर्यंत आमचा रस्ता अडीच फूट पाण्याखाली असतो. त्यानंतर माणूस निघू शकतो तो फक्त बोटीतून, आणि म्हैस बोटीत बसत नाही. 2019 ला माणसं हट्टानं थांबली असं सगळे म्हणतात. त्यांनी निघायचं ठरवलं तेव्हा जनावरांना वाटच उरलेली नव्हती. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून केवढी माणसं गेली हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. बोटीवर अवलंबून राहायचं नसेल तर फरशी उघडी असतानाच निघायला हवं.

म्हणून आळीचा एकच आकडा ठरवला : 40. आयर्विनला 40 झाले आणि वरून विसर्ग वाढतोय असा निरोप असेल, तर जनावरं माळावर. दिवस असो की रात्र. फरशीच्या कठड्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं 40 लिहिलं, हातभर उंचीचा आकडा.

काही जण म्हणाले, 40 तर बऱ्याच वर्षी होतात, दरवर्षी कोण एवढा खटाटोप करणार? बरोबर आहे. कदाचित चार वेळा जाऊन तीन वेळा उगाच परत यावं लागेल. पण 2021 आठवा. जुलैच्या 22-23 तारखेला महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. 2019 ला पाणी दिवस-दिवस चढत होतं, विचार करायला वेळ होता. 2021 ला तो मिळाला नाही. 40 ते साडेबेचाळीस हे अंतर म्हणजे आमचा सगळा वेळ.

11 मे, रविवार

चाऱ्याचा हिशेब. जनावर माळावर नेलं आणि तिथं खायला नसलं तर मालक रात्री परत आळीत जातो, हे 2021 ला पाहिलंय. एका मोठ्या म्हशीला दिवसाला पाच-सहा किलो कडबा आणि पंधरा-वीस किलो ओली वैरण लागते. पुरात ओली वैरण मिळणं अवघड, ऊस पाण्याखाली असतो. माळावरच्या वस्तीतले चौघं शेतकरी उसाचं वाढं आणि हत्तीघास द्यायला तयार झाले. कडबा आपण आपला नेऊन ठेवायचा, प्रत्येक जनावरामागं 20 पेंड्या, वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घरवार चिठ्ठी लावून. ज्यांच्याकडं कडबा नाही त्यांचा संस्था घेणार आणि दहा दिवसांच्या दूधबिलातून थोडे थोडे पैसे वळते करणार. याला संचालक मंडळाची मान्यता मिळाली.

दूधही माळावरच गोळा करायचं. बिल बुडणार नाही एवढं कळलं की निम्मी घरं निघतील, असा माझा अंदाज.

17 मे, शनिवार

पशुवैद्यकीय दवाखान्याचे डॉक्टर आले, घटसर्प आणि फऱ्याच्या लसी टोचल्या. त्याच वेळी प्रत्येक जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा 12 आकडी नंबर वहीत उतरवून घेतला. बिल्ला पडलेली नऊ जनावरं निघाली, त्यांना नवा मारला. जनावर वाहून गेलं किंवा दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर हाच पुरावा.

24 मे, शनिवार

आज मान्सून केरळात आला. कोकणातही उद्या-परवा पोचेल म्हणतायत. आमच्याकडं आठवडाभर वळवाचा धुमाकूळ आहे, शेतात पाय ठेवता येत नाही. रंगीत तालीम 8 जूनला ठेवली होती, ती 1 जूनवर आणली. कडबा वर न्यायचं काम अजून निम्मं बाकी, तेही भिजत्या रस्त्यानं.

28 मे

कडबा पोचला. अकरा घरांचा भिजला, वस्तीवर पसरून वाळवायला घातलाय. उघडीप मिळेना.

शाळेच्या संडासांना कड्या बसवल्या. न्हाणीसाठी लोखंडी पाइपावर ताडपत्रीचे दोन आडोसे तयार केले. खर्च बचत गटानं केला. ज्या सुनेनं ते सांगितलं होतं तिनं स्वतः येऊन कडी आतून लावून पाहिली, दोनदा.

1 जून, रविवार : तालीम

पहाटे पाच वाजता हलगी. भोंगा मुद्दाम वापरला नाही, कारण पुरात वीज आधी जाते आणि भोंगा मुका होतो. हलगीचा आवाज ओढ्यापलीकडं गेला.

धारा काढून साडेसहाला पहिली जनावरं सुटली. चालत न्यायची होती, ट्रॉलीत फक्त गाभण, आजारी आणि लहान वासरं. माळ दोन किलोमीटर.

फरशीवर अडलं. कालच्या पावसानं वितभर पाणी होतं. गाई पटापट गेल्या. पाचवी की सहावी म्हैस पाण्यात पाय टाकताच बसली. ओढलं, हाकललं, कासरा ताणला, उठेना. मागं चाळीस जनावरं आणि त्यांच्यामागं डोक्यावर बोजे घेतलेली माणसं. वीस मिनिटं गेली. खऱ्या वेळी वीस मिनिटांत फरशीवरचं पाणी कुठं गेलं असतं ते कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

शेवटी आक्का पुढं आल्या. म्हणाल्या, हिचं रेडकू ट्रॉलीत पुढं घालवलंत ना, ते आणा. ट्रॉली माळावरून परत बोलावली, रेडकू फरशीपलीकडं उभं केलं. ते ओरडलं आणि म्हैस उठून सरळ चालायला लागली.

वहीत नियम लिहिला : रेडकू-वासरू आईच्या पुढं पाच पावलं, हातात धरून. ट्रॉलीत नाही. फरशीवर दोन माणसं कायम उभी, नावं लिहून ठेवली.

दुसरी चूक माळावर. सगळे एकदम पोचले आणि जनावरं एकमेकांना भिडली, एका बैलाचं शिंग गाईला लागलं. खुंटे ठोकलेले होते पण कुठला कुणाचा ते ठरलेलं नव्हतं. आता खुंट्यांना घरांचे नंबर लिहिले.

शेवटचं जनावर खुंट्याला बांधलं तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. धारा धरून पाच तास. अंधारात आणि पावसात आठ तास धरायला हवेत.

63 पैकी 52 घरं आली.

8 जून, रविवार

घरातली बाकी कामं. ही कुणालाही करता येतात म्हणून थोडक्यात. आधार, पासबुक, सातबारा, रेशनकार्ड जाड प्लास्टिकच्या पिशवीत आणि फोटो काढून पाहुण्याच्या मोबाईलवर. निघताना मेन स्विच बंद. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खांबाला बांधायचं, नाहीतर तो तरंगत दारं फोडतो. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या. तीन गरोदर बायका आहेत, त्यांची माहेरं कोरड्या गावात आहेत का ते आशाताईंनी विचारून ठेवलंय.

आणि प्रत्येक गोठ्याच्या दाराच्या आत, डाव्या हाताला, खिळ्यावर एक विळा. सगळीकडं डावीकडंच. अंधारात कुणाच्याही गोठ्यात शिरलं तरी हात तिथंच गेला पाहिजे. निघायला जमलं नाहीच, तर निदान दावी कापायची. लोहारानं 63 विळे धार लावून दिले, पैसे घेतले नाहीत.

22 जून, रविवार

तालमीला न आलेल्या अकरा घरांत पुन्हा गेलो. आठ तयार झाली. एकाचा वैरणीवर विश्वास नव्हता, त्याला शेड दाखवलं. दोघांना माळावरच्या जागामालकाशी जुन्या बांधाच्या भांडणामुळं तिथं जायचं नव्हतं, त्यांचे खुंटे देवस्थानच्या जमिनीत हलवले. भांडण आहे तिथंच आहे, पण म्हशीची सोय झाली.

तीन घरं अजून नाही म्हणतात. त्यांनी 2021 नंतर जोतं सहा फूट उचललंय, दारावरचा निळा आकडा 56 आहे. घर राहील हे खरं. गोठ्याचा आकडा 48 आहे, आणि रस्त्याचा सगळ्यांना एकच.

5 जुलै, शनिवार

उद्या आषाढी, बेंदूर तोंडावर. पाणी अजून पात्रात आहे. धरणं भरत चाललीत.

संध्याकाळच्या संकलनाला आक्का किटली घेऊन आल्या. फॅट लावून झाल्यावरही उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "40 रातच्याला झालं तर मला कोन उठवनार? मला हलगी ऐकू येत न्हाई."

हे पान सुटलंच होतं. आशाताईंना तिथूनच फोन लावला. आळीत नीट ऐकू न येणारी आणखी चार माणसं निघाली. पाचही घरांना शेजारचं एकेक नाव जोडलं. आक्कांना उठवायचं काम त्यांच्या शेजारच्या बारावीतल्या पोराकडं. मागच्या खिडकीची कडी बाहेरून निघते, ती त्याला दाखवून ठेवायची असं त्यांनीच सुचवलं.

उद्या सकाळच्या संकलनानंतर त्या तीन घरांत परत जायचं. नळी बरोबर घ्यायची, आणि फरशीपासून मोजत त्यांच्या दारापर्यंत यायचं, त्यांच्या देखत.